घर आठवतं ते न्यू जर्सीचं

पत्र: मावशी, माझा जन्म न्यू जर्सीतला, एडिसनचा. आई-बाबांनी घरात मराठी सुटू दिलं नाही, म्हणून तुम्हाला मराठीत लिहितेय. लग्न झालं आणि मार्चमध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला आले. नवरा मूळचा पुण्याचा, इथल्या रुग्णालयात डॉक्टर. माझी नोकरी अजून अमेरिकेतल्याच कंपनीत, घरून. दुपारी बसते ती रात्रीच उठते. त्याला सुट्टी असली की आम्ही फिरतो. यॉर्क पाहून झालं, एडिंबरा झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं. फोटो बघून तिकडचे सगळे म्हणतात, मजा आहे तुझी! पण त्याची ड्युटी असली की शनिवार-रविवार मी घराबाहेर पडत नाही. गाडी चालवायची भीती वाटते. सासूबाई म्हणतात, आता भारत किती जवळ आला. इथले मराठी लोक विचारतात, भारताची आठवण येते का? मला आठवण येते एडिसनची, आणि ते सांगायची लाज वाटते. मी कृतघ्न आहे का? परत जाऊ का?
– लीड्सची सून

उत्तर:

कृतघ्न कशी असशील? तुझं माहेर सुटलंय आणि ते एडिसनला आहे, एवढंच झालंय. पुण्याहून लीड्सला आलेल्या मुलीला घर आठवलं तर चार जणी तिला जवळ घेतात, डब्यातून चकल्या पाठवतात. तुझ्या वाट्याला ते आलं नाही. इंग्रजांना तू भारतीय वाटतेस, मराठी मंडळींना तू अमेरिकेतून आलेली सुखवस्तू मुलगी वाटतेस, आणि भाषा येतेय तर हिला अडचण कसली, असं दोघांनाही वाटतं. पण जिथे पिवळ्या स्कूलबसमधून शाळेत गेलीस, जिथे ओक ट्री रोडवर आईबरोबर किराणा भरलास, ते गाव तुझं आहे. हे सगळ्यात आधी नवऱ्याला सांग. तोही घर सोडून आलाय, पण त्याचं मन पुण्याकडे धावतं. तुझं मन त्याच्या नेमक्या उलट दिशेला, अटलांटिकपलीकडे धावतं हे त्याला कदाचित सुचलंच नसेल. सासूबाईंना समजवायची घाई नको. त्या प्रेमाने बोलतात, बोलू देत.

आता एक गोष्ट जी तू लिहिली नाहीस, पण तुझ्या दिनक्रमावरून मला दिसते. लीड्स न्यू यॉर्कपेक्षा तेरा अंशांनी उत्तरेला आहे. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी एकला लॅपटॉप उघडलास की उरलासुरला उजेड भिंतीकडे तोंड करून बसण्यात जातो, आणि उठतेस तेव्हा बाहेर केव्हाचा काळोख. असे महिने काढल्यावर कुणाच्याही मनावर मळभ येईल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातील. अमेरिकेत ती आठवड्याने जातात, म्हणजे तेवढा आठवडा तुझं ऑफिस पाचऐवजी चारच तास मागे असेल आणि तुला तासभर आधी बसावं लागेल. हे आत्ताच लिहून ठेव. तुझ्या हाती सकाळ आहे, बाकीच्या नोकरदारांना मिळत नाही अशी रिकामी सकाळ. ती झोपेत घालवू नकोस. पाऊस असला तरी बाहेर पड, तिथे चांगलं जाकीट घेऊन पावसात चालणं हीच रीत आहे. आणि रडू आवरत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर जीपीकडे, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. नाव नोंदवलेलं नसेल तर या आठवड्यात नोंदव. जीपीला भेटायला पैसे पडत नाहीत, को-पेची, म्हणजे अमेरिकेत विमा असूनही दर भेटीला पैसे भरायची सवय असलेल्या माणसाला ते खरं वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

फिरण्याविषयी मात्र माझं मत तुला थोडं टोचेल. तुमच्या सहली अजून पाहुण्यांच्या सहली आहेत. एकदा जायचं, किल्ला बघायचा, फोटो एडिसनला पाठवायचे. त्यातून आनंद मिळतो, ओळखी होत नाहीत. मी त्या भागात, यॉर्कशरमध्ये, काही वर्षं राहिले आहे. यॉर्कशरची माणसं पहिल्या भेटीत हवेबद्दल बोलतात, दुसऱ्या भेटीतही हवेबद्दलच बोलतात, आणि मग एके दिवशी आपल्या आईच्या आजारपणाबद्दल बोलू लागतात. अमेरिकेत पाच मिनिटांत जी सलगी होते ती तिथे होत नाही, पण होते ती टिकते. त्यासाठी त्याच वाटेवर, त्याच लोकांना, पुन्हा पुन्हा दिसावं लागतं.

म्हणून एकच सहल निवड आणि ती परत परत कर. गाडीही लागत नाही अशी सांगते. लीड्सहून स्किप्टनच्या लोकलने सॉल्टेअरला उतर. टायटस सॉल्ट नावाच्या कारखानदाराने आपल्या कापड गिरणीच्या कामगारांसाठी वसवलेलं हे गाव. गिरणी 1853 मध्ये सुरू झाली आणि आख्खं गाव 2001 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. गिरणीत आता डेव्हिड हॉकनीची चित्रं आणि पुस्तकांचं दुकान आहे. तिथून लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने बिंगलीपर्यंत चालत जा. रमतगमत तास-दीड तास, वाट सपाट. बिंगलीला पाच पायऱ्यांचं लॉक आहे, म्हणजे बोटींसाठीचा पाण्याचा जिना, 1774 चा. बोट एकेका कप्प्यात पाणी भरत वर चढते. ते बघायला माणसं उभी असतात, आणि बोट चढेपर्यंत कुणालाच घाई नसते. गप्पा तिथेच सुरू होतात. बिंगलीहून त्याच लाइनची लोकल पकडून परत, कामाला बसायच्या आत घरी.

नवऱ्याची ड्युटी असलेल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता पार्करनला जा. 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालेला हा पाच किलोमीटरचा उपक्रम आता गावोगाव आहे, लीड्समध्ये वुडहाउस मूरवर आणि राउंडहेला होतो. फी नाही, आणि धावायलाच हवं असंही नाही, चालणारेही असतात. मी तर म्हणेन, काही वेळा स्वयंसेवक म्हणून उभी राहा. ते चमकदार जाकीट अंगावर असलं की लोक आपणहून बोलतात. नंतर कॉफीला जातात त्यांच्याबरोबर जा, कामं असली तरी जा.

रविवारची संध्याकाळ अवघड आहे, हे मान्य. 1994 च्या कायद्याने इंग्लंडमधली मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, त्यामुळे टार्गेटसारख्या मोठ्या दुकानात उगाच फेरी मारून यायची तुझी जुनी सोय नाही. त्या वेळी आईला फोन कर, एडिसनमध्ये तेव्हा दुपार असते. आणि फोटोंच्या जोडीने खरी हकीकतही सांग. मुलगी मजेत आहे असं समजणाऱ्या आईला धीर द्यायची संधीच मिळत नाही.

थँक्सगिव्हिंग, तुझा अमेरिकेतला सण, सोडू नकोस. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार तिथे कामाचा साधा दिवस, म्हणून नंतरच्या शनिवारी कर. टर्की ख्रिसमसच्या हिशेबाने बाजारात येते, तेव्हा खाटकाला आधी सांगून ठेव. पायसाठी लागणारा भोपळ्याच्या गराचा डबा प्रत्येक दुकानात मिळत नाही, तोही आधीच शोध. शेजारणीला बोलव, पार्करनवाल्या एकदोघांना बोलव, मराठी मंडळातल्या त्या चकलीवाल्यांनाही बोलव. तुझं घर कुठलं हे त्यांना जेवताना कळू दे.

परत जायचं का, हे डिसेंबरात ठरवू नका. जूनमध्ये, रात्री साडेनऊलाही उजेड असतो तेव्हा दोघांनी बसून बोला. तेव्हाही जावंसं वाटलं तर तो विचार खरा धरायचा आणि त्याच्या नोकरीसकट मांडायचा. तोपर्यंत तू पाहुणी म्हणून राहू नकोस.

आणि गाडी. तुझा अमेरिकन परवाना तिथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतो, म्हणजे मार्चपर्यंत. तो ब्रिटिश परवान्याशी बदलून मिळत नाही, परीक्षा नव्याने द्यावी लागते. प्रोव्हिजनलचा, म्हणजे शिकाऊ परवान्याचा अर्ज आजच कर. थिअरीत 50 पैकी 43 उत्तरं बरोबर यावी लागतात, शिवाय धोका ओळखायच्या व्हिडिओ क्लिप्स असतात. प्रत्यक्ष परीक्षेच्या तारखा लवकर मिळत नाहीत. गिअरची धास्ती असेल तर ऑटोमॅटिकवर दे, मग परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळेल, बिघडलं काय? राउंडअबाउटसाठी, म्हणजे तिथल्या गोल चौकांसाठी, शिकवणारा लाव, नवऱ्याकडून शिकू नकोस, भांडणं होतात. आणि न्यू जर्सीत पंपावरचा माणूसच पेट्रोल भरून देतो, तेव्हा तू कधी नळी हातात धरली नसशील. पहिल्या वेळी नवऱ्याला सोबत घेऊन जा आणि स्वतः भर.

– मावशी