विंडोज मारायच्या आधी जरा थांबा

प्रश्न : ताई, अशोक चौकाजवळ आमचं टॉवेल-चादरीचं छोटं होलसेल दुकान आहे. परवा दुपारी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलीय त्यामुळं पीसी खाडकन बंद पडला, आणि परत चालू केला तर डेस्कटॉप कोरा! मराठी कीबोर्ड गेला, ब्राउझरमधले पासवर्ड गेले, पार्ट्यांच्या याद्या डेस्कटॉपवर होत्या त्यापण दिसेनात. कोपऱ्यात टेम्पररी प्रोफाइल असं काहीतरी आलं होतं. रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट करून विंडोज मारावं लागेल, म्हणजे सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल, संध्याकाळपर्यंत देतो. सात वर्षांचा हिशोब आहे हो त्यात. देऊ का मशीन? विंडोज १० आहे.

उत्तर : नका देऊ दादा, निदान आज तरी नका. तुमचा डेटा बहुतेक जागच्या जागी आहे. विंडोजमध्ये प्रत्येक युजरचं सेटिंग एनटीयूझर डॉट डॅट नावाच्या एका फाइलमध्ये असतं, लाइट अचानक गेली की ती कधीकधी बिघडते, मग विंडोजला तुमचं खातं उघडता येत नाही आणि ते तुम्हाला तात्पुरत्या, कोऱ्या खात्यात बसवतं. सी ड्राइव्हमध्ये युजर्स फोल्डर उघडा, तिथं तुमच्या जुन्या नावाचं फोल्डर असेल, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं बघा की. आणि हे फार महत्त्वाचं, या कोऱ्या डेस्कटॉपवर नवीन बिलं सेव्ह करू नका, साइन आउट केलं की तिथलं सगळं पुसलं जातं.

आता पहिलं काम कॉपीचं. ते जुनं फोल्डर आणि हिशोबाच्या टॅली प्रोग्रॅमचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डी ड्राइव्हवर टाकलंय म्हणजे झालं असं बरेच जण धरून चालतात, पण डी हा बहुतेक वेळा त्याच डिस्कचा तुकडा असतो, विंडोज टाकताना चुकीचं पार्टिशन उडवलं की तोही गेला. कॉपी झाली की दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघा, कधीकधी तेवढ्यानंच जुनं खातं परत येतं. नाहीच आलं तर नवीन युजर खातं काढा, त्याला ॲडमिन करा आणि जुन्या फोल्डरमधल्या फाइल्स तिकडं आणा. कीबोर्ड परत लावायचा म्हणजे सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, तिथं मराठी ॲड करायचं, दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या याद्या श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या असतील आणि फॉन्ट नसेल तर त्या इंग्रजी चिन्हांच्या कचऱ्यासारख्या दिसतात, फाइल खराब झाली समजून डिलीट मारू नका, फॉन्ट टाकला की अक्षरं परत येतात.

एवढं करूनही विंडोजच वेडंवाकडं चालत असेल तर मग मारा, पण फॉरमॅट न करता. चालू विंडोजमधूनच मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचा सेटअप चालवायचा आणि फाइल्स व ॲप्स दोन्ही ठेवा हा पर्याय निवडायचा, विंडोज ताजं होतं आणि टॅली, प्रिंटर जागेवर राहतात. रीसेट धिस पीसीमधलं फाइल्स ठेवा वेगळं बरं का, त्यात फाइल्स राहतात पण बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम सगळे उडतात. लायसन्सची काळजी नको, विंडोज १० ओरिजिनल ॲक्टिव्हेट असेल तर त्याची नोंद मशीनच्या मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डशी, जोडलेली असते, तेच एडिशन परत टाकलं की नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणून कुणी क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवणारा चोरीचा प्रोग्रॅम, टाकून देतो म्हटलं तर सरळ नाही म्हणा, हिशोबाच्या मशीनवर तर नकोच नको. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीन विंडोज ११ घेत असेल तर डेटाची कॉपी हातात आल्यावर निवांत ११ करून घ्या. आणि यूपीएसची बॅटरी याच आठवड्यात बदला दादा, नाहीतर उन्हाळ्यात परत हेच होणार.

प्रश्न : माझ्या पीसीची तारीख दर सकाळी कित्येक वर्षं मागं गेलेली असते, वेबसाइट सुरक्षित नाही असं येतं. दोनदा विंडोज मारून झालं. परत मारू का?

उत्तर : नको. तुमचा बिघाड विंडोजमध्ये नाहीच. तारीख आणि बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या प्रोग्रॅमचं, सेटिंग मदरबोर्डवरच्या बटणासारख्या सेलवर टिकून राहतं, पीसीचा स्विच बंद केला की सेल बसलेला असेल तर ते पुसलं जातं. तारीख मागं गेली की वेबसाइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिची ओळखपत्रासारखी नोंद, ब्राउझरला अजून लागूच न झालेलं वाटतं, म्हणून तो मेसेज. सेलवर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, घड्याळवाल्याकडंपण मिळतो. वायर काढून ठेवा, जुना सेल काढा, नवीन बसवताना अधिकची बाजू वर, मग बायोसमध्ये जाऊन तारीख एकदा भरा.