आधी तारीख बघ

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक निरोप वाचला. नाताळच्या कार्यक्रमात सॅक्सोफोनवर ‘माय फेवरिट थिंग्ज’ वाजवायचं ठरलंय आणि तीन माणसं तुला तीन बाजूंना ओढतायत. गायनवृंदाच्या बाई म्हणतात, ‘साउंड ऑफ म्युझिक’ सिनेमात आहे तसंच वाजव, लोकांच्या ते ओळखीचं आहे. तुझे ऑनलाइन शिकवणारे सर म्हणतात, जाझचा सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन ऐकला नसशील तर सॅक्सोफोन पेटीत ठेव. धाकटा भाऊ म्हणतो, ही तर पॉप गायिका आरियाना ग्रांडेच्या ‘सेव्हन रिंग्ज’ची चाल. आणि तू मला विचारतेस, यातलं ‘खरं’ कुठलं?

तिघंही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणून तर तुझा गोंधळ झालाय. खरं कुठलं ते मागाहून बघू. आधी तारीख बघ. कुठलीही रेकॉर्ड हातात आली की पहिल्यांदा कधीची, मग कुणाची, मग कशी. हा क्रम मी कुणासाठी बदललेला नाही, तुझ्यासाठीही बदलणार नाही.

१६ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचं लंट-फाँटॅन थिएटर. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या नाटकाचा ब्रॉडवेवरचा पहिला प्रयोग. संगीत रिचर्ड रॉजर्स, शब्द ऑस्कर हॅमरस्टीन. मारियाच्या, म्हणजे मठात जोगीण व्हायला आलेल्या नायिकेच्या, भूमिकेत मेरी मार्टिन, पंचेचाळीस वर्षांची. आता नीट वाच: नाटकात हे गाणं मुलांसमोर म्हटलंच जात नाही. ते आहे मठात. मदर अ‍ॅबेस, म्हणजे मठाची प्रमुख, मारियाला बोलावून घेते, मारिया बागेत म्हणत होती त्या गाण्याचा विषय काढते, कारण तेच गाणं तिनंही लहानपणी ऐकलेलं असतं. मग दोघी मिळून ते म्हणतात. त्यानंतर ही मदर त्या पोरीला मठाबाहेर, सात मुलांच्या घरी धाडणार असते. वीज कडाडते, मुलं घाबरून मारियाच्या पलंगावर चढतात, हा प्रसंग नाटकातही आहे, पण तिथं मारिया गाते ते बकऱ्या राखणाऱ्याचं गाणं. दोन्ही गाण्यांची जागा बदलली ती सिनेमात, पटकथाकार अर्नेस्ट लेमननं. सिनेमा मार्च १९६५ चा. म्हणजे तुझ्या बाई ज्याला मूळ समजतात ते सव्वापाच वर्षांनंतरचं आहे.

‘मग वाजवणारीला त्यानं काय फरक पडतो?’ असं तू म्हणशील. पडतो. मदर अ‍ॅबेसचं काम करणारी पॅट्रिशिया नेवे ऑपेराची गायिका होती. नाटकाच्या रेकॉर्डवर तिचा तो भरदार आवाज मेरी मार्टिनच्या साध्या आवाजाशेजारी ऐक. दोन मोठ्या बायका लहानपणचं काहीतरी आठवतायत. त्यात पोरांना गप्प करण्याची घाई नाही. हे एकदा कानात बसलं की पहिल्या आठ मात्रांतच तुझा श्वास बदलेल. बघ करून.

ती रेकॉर्ड कोलंबिया कंपनीची, निर्माता गॉडार्ड लीबरसन. पहिल्या प्रयोगानंतर आठवडाभरात नटसंच स्टुडिओत नेऊन गाणी उतरवून घेतली. ब्रॉडवेवर तेव्हा तशीच रीत होती. नाटकाची हवा आहे तोवर रेकॉर्ड दुकानात गेली पाहिजे. आणि हे परवडत होतं ते एलपीमुळे, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकडीमुळे. एलपी कोलंबियानंच १९४८ साली बाजारात आणली. त्याआधीच्या दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. एलपीच्या एका बाजूला वीस मिनिटांच्या वर. सगळ्या नाटकाची गाणी एका तबकडीवर! हे लक्षात ठेव, पुढे कोल्ट्रेनकडे आलो की लागणार आहे.

२३ ऑगस्ट १९६०. हॅमरस्टीन वारला. नाटक अजून जोरात चालू होतं.

२१ ऑक्टोबर १९६०. न्यूयॉर्क, अटलांटिक कंपनीचा स्टुडिओ. जॉन कोल्ट्रेन, पियानोवर मकॉय टायनर, बासवर स्टीव्ह डेव्हिस, ड्रमवर एल्विन जोन्स. शब्द लिहिणाऱ्याला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याच्या गाण्याचं पुढं काय झालं हे त्याला कधीच कळलं नाही. ही दोन वाक्यं कुठल्याही पुस्तकात शेजारी शेजारी सापडतीलच असं नाही. तारखा एकाखाली एक लिहिल्या की आपोआप दिसतात. म्हणून तर मी तुझ्या मागे लागतो.

तुझे सर म्हणाले असतील, कोल्ट्रेननं मुलांचं गाणं उचललं आणि मोठं केलं. त्यांना विचार, कुठली मुलं? सिनेमा यायला अजून चार वर्षं होती. त्यानं उचललं ते ब्रॉडवेवर त्या घडीला चालू असलेल्या नाटकातलं ताजं पद. आणि तो काही एकटा प्रकार नव्हता. त्या एलपीवर चार गाणी आहेत, चारही नाटकांतली. ‘समरटाइम’ १९३५ चं, ‘बट नॉट फॉर मी’ १९३० चं, कोल पोर्टरचं ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ १९४४ चं, आणि हे चौथं, सगळ्यांत नवं. जाझवाले रंगभूमीला खाणीसारखे वापरायचे. आपल्याकडे ‘जाझ म्हणजे बंडखोरी’ असं भाषण ठोकणाऱ्यांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

आता आतलं बघ. मूळ गाण्यात एकाच चालीची तीन कडवी. तिसऱ्यात मायनरचं मेजर होतं, म्हणजे उदास छटेची उजळ होते. मग शेवटचा भाग येतो, कुत्रा चावतो, मधमाशी डसते तो. तिथं चाल वळते आणि गाणं मिटतं. कोल्ट्रेननं केलं काय? कडव्यांच्या मधे दोन उघडी मैदानं ठेवली, एक मायनरचं, एक मेजरचं. पियानो तेच दोन-तीन ठोके फिरवत राहतो, बास एका सुराला धरून बसतो, तानपुऱ्यासारखा, आणि त्यावर आधी टायनर, मग कोल्ट्रेन हवं तितका वेळ फिरतो. गाण्याच्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, साखळीवर तो वाजवतच नाही. आणि तो कुत्र्या-मधमाशीचा भाग? तो दाबून ठेवलाय. जवळपास चौदा मिनिटांत तो अगदी शेवटी येतो, एकदाच. हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी सुई उचलून परत सुरुवातीला ठेवली होती.

हे चौदा मिनिटांचं काम ७८ च्या तबकडीवर होणं शक्यच नव्हतं. रेडिओसाठी ४५ ची छोटी तबकडी काढली तेव्हा तुकडे करून दोन बाजूंना घालावं लागलं. एलपी रॅकवर आली मार्च १९६१ मध्ये.

आणि हो, वाद्य. कोल्ट्रेन टेनरवाला, म्हणजे खालच्या पट्टीच्या सॅक्सोफोनचा, म्हणून ओळखला जायचा. इथं वरच्या पट्टीचा सॉप्रानो घेतलाय. जुना सॉप्रानोवाला सिडनी बेशे गेल्यावर जाझमध्ये ते वाद्य हातात घेणारे मोजकेच होते. तुझ्याकडे आल्टो आहे, दोन्हींच्या मधला. सॉप्रानोचा तो शहनाईकडे झुकणारा आवाज आल्टोतून काढायला जाऊ नकोस. नाक दाबून बोलल्यासारखं होतं.

‘कोल्ट्रेनवर आपल्या संगीताचा परिणाम’ हे तर तुला कुणीतरी सांगणारच. आपल्याकडे त्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. त्याला आपल्या संगीताची ओढ होती हे खरं. रविशंकरांवरून त्यानं मुलाचं नाव रवी ठेवलं हेही खरं. पण मुलगा जन्मला १९६५ साली आणि ही रेकॉर्ड १९६० ची. १९६५ नं १९६० च्या कागदावर सही करू नये. आधी तारीख!

यावर लोक माझ्यावर चिडतात. एका वर्षी एका समितीनं मला नाताळच्या संध्याकाळी वाजवायला बोलावलं होतं. निवेदकाच्या कागदावर लिहिलं होतं, ‘जगप्रसिद्ध नाताळगीत’. मी म्हटलं, हे खोडा, नाहीतर मी वाजवत नाही. खोडलं त्यांनी, मी वाजवलं, पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. बरं, वाटतं. डिसेंबरमध्ये घरी बसणं लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला सोपं नसतं. पण मी बरोबर होतो. या गाण्यात नाताळ कुठंही नाही. बर्फ आहे, लोकरी हातमोजे आहेत, दोऱ्यानं बांधलेली पुडकी आहेत. त्यावरून अमेरिकन कंपन्यांनी त्याला डिसेंबरात ढकललं. तेही कधी, ते बघ. ज्युली अँड्र्यूजनं ते टीव्हीवर गॅरी मूरच्या नाताळच्या कार्यक्रमात म्हटलं १९६१ मध्ये, म्हणजे सिनेमातली मारिया होण्याच्या कितीतरी आधी. जॅक जोन्सनं आपल्या नाताळच्या एलपीवर घेतलं १९६४ मध्ये. सुप्रीम्सनी १९६५ मध्ये. झालं, रुजलं. आता चर्चच्या आवारात ते वाजतं याला माझा विरोध नाही, मीही वाजवलंय. विरोध आहे तो ‘पहिल्यापासून असंच आहे’ म्हणण्याला.

मला तुझ्यासारखं विचारता आलं असतं अशी माणसं होती. गोव्याचे एक ट्रम्पेटवाले, साठच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत वाजवलेले, आमच्या बँडला कधी कधी यायचे. हे गाणं मुंबईत आधी कशातून आलं, नाटकाच्या रेकॉर्डवरून, कोल्ट्रेनवरून की थेट सिनेमातून, हे त्यांना नक्की ठाऊक असणार. जेवायच्या सुट्टीत विचारू, म्हणून मी विचारलं नाही. तिथं हिशेबाच्या, भाड्याच्याच गप्पा व्हायच्या. ते गेले. ती तारीख आता मला कुणी देऊ शकत नाही. म्हणून तू विचारतेस तेव्हा मला बरं वाटतं आणि वैतागही येतो, कारण तू विचारतेस ते ‘खरं कुठलं’.

पुढचं भरभर सांगतो. जाझ गायिका सेरा व्हॉनचं १९६१ चं ऐक. साथीला फक्त गिटार आणि बास. कोल्ट्रेननं जे ताणलं ते तिनं आवरलंय. तुझ्या कामाला कोल्ट्रेनपेक्षा तीच येईल, कारण तुला मिळणारी मिनिटं किती आहेत ते मला माहीत आहे. ग्रँट ग्रीन या गिटारवाल्याचं १९६४ चं आहे, त्यात पियानो-ड्रमवर तेच टायनर आणि एल्विन जोन्स. पण ती रेकॉर्ड कंपनीनं जवळपास पंधरा वर्षं कपाटात ठेवली. म्हणजे वाजवल्याची तारीख वेगळी, लोकांनी ऐकल्याची वेगळी. दोन्ही लिहून ठेवायच्या. नेटवर जी तारीख दिसते ती बहुतेकदा दुसरीच असते, कधी तर पुनर्मुद्रणाची. तुझ्या सरांनी पाठवलेल्या लिंकवर २०-काहीतरी साल आहे, ते काही त्या वादनाचं साल नव्हे.

आणि कोल्ट्रेन काही १९६० वर थांबला नाही. १९६१ अखेरीस जर्मनीच्या टीव्हीवर वाजवलं त्यात एरिक डॉल्फी बासरीवर आहे. १९६३ मध्ये न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात ड्रमवर रॉय हेन्स. जुलै १९६६ मध्ये टोकियोत हेच गाणं सत्तावन्न मिनिटं चाललं. सुरुवातीला बराच वेळ एकटा बास, आणि मूळ चाल ओळखू येते न येते तोच निसटते. २३ एप्रिल १९६७ ला हार्लेममध्ये पुन्हा, अर्ध्या तासाच्या वर, कर्कश, फाटलेल्या ध्वनिमुद्रणातून. तीन महिन्यांत, १७ जुलैला, तो वारला, चाळिसाव्या वर्षी. तर ‘कोल्ट्रेनसारखं वाजव’ म्हणणाऱ्या सरांना विचार, कुठल्या सालच्या? मी उद्धटपणा शिकवत नाहीये. त्यांना उत्तर देता आलं तर त्यांच्या पाया पड, मास्तर चांगला आहे.

भावाचं राहिलं. ‘सेव्हन रिंग्ज’ जानेवारी २०१९ चं. चाल घेतली म्हणून गीतलेखनाच्या मानधनातला सुमारे ९० टक्के वाटा रॉजर्स-हॅमरस्टीनच्या बाजूला गेला, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. भावाला रागावू नकोस. त्याचं १९५९ त्याला २०१९ मध्ये भेटलं, एवढंच.

आता तुझं काम. चार मिनिटं आहेत. सिनेमातल्यासारखी एका दमात तीन कडवी धावडवू नकोस. पहिलं कडवं सावकाश, मठातल्या त्या दोघींचं धर. दुसऱ्यानंतर एक छोटं मोकळं मैदान ठेव, मायनरचं, फार तर सोळा मात्रांचं. तिथं तुझं स्वतःचं काय असेल ते वाजव, कोल्ट्रेनच्या नोटेशनमधून उचललेलं नको. ते नोटेशन तुझ्या फोनमध्ये आहे हे मला ठाऊक आहे. मग मेजरचं कडवं. शेवटचा भाग शेवटपर्यंत राखून ठेव, तेवढं मात्र त्याच्याकडून घे. कीबोर्डवाल्याला सांग, डाव्या हातानं एक सूर धरून बस, नक्षी नको. तो ऐकणार नाही, दोनदा सांग.

गायनवृंदाच्या बाईंशी भांडू नकोस. त्यांना नाटकाची रेकॉर्ड ऐकव, मेरी मार्टिन आणि पॅट्रिशिया नेवे, दोघींची. बाई गाणाऱ्या आहेत, कान शाबूत आहेत, पुढचं त्याच करतील.

वहीत कोष्टक करून आण: साल, जागा, कोण, किती मिनिटं, कधी बाहेर आलं. ते झाल्याशिवाय रियाझाला माझ्याकडे यायचं नाही. आणि निवेदकाला कागद माझ्या हातचा दे. त्यावर असेल: ‘माय फेवरिट थिंग्ज’, संगीत रिचर्ड रॉजर्स, शब्द ऑस्कर हॅमरस्टीन, न्यूयॉर्क, १९५९. नाताळगीत हा शब्द त्यांनी वर पेनानं लिहिला तर मला फोन कर, मी येऊन बोलतो.

तुझा,
काका