बोर्डवर सगळं हिरवं, तरी झोप उडालेली

‘टीममधलं कुणी कामाच्या बोर्डवर काही भरत नाही, मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही. माणसंच कामचुकार आहेत की मी कमी पडतेय?’ वेगवेगळ्या शब्दांत हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. त्यातली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या आल्या होत्या झोपेची तक्रार घेऊन. नऊ जणांच्या टीमच्या प्रमुख. रात्री दोनला जाग यायची आणि हात आपसूक फोनकडे जायचा, कामाचा सामायिक बोर्ड बघायला. तो बोर्ड त्यांनीच सहा महिन्यांपूर्वी हौसेनं सुरू केला होता. प्रत्येक कामाचं एक कार्ड, त्यावर नाव आणि तारीख. तारीख उलटली की कार्ड लाल. दर सोमवारी तो बोर्ड मीटिंगमध्ये भिंतीवर मोठा करून दाखवायचा.

“बघा ना, कुणी हातच लावत नाही,” म्हणत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मला सॉफ्टवेअरमधलं फारसं कळत नाही, पण एक गोष्ट नजरेत भरली. ‘चालू’ रकान्यात चारच कार्डं, ‘पूर्ण’मध्ये मात्र पन्नासच्या वर. त्यातली बरीचशी ज्या दिवशी तयार झाली त्याच दिवशी पूर्ण झालेली. म्हणजे काम आधी उरकायचं आणि मग कार्ड करून लगेच हिरवं करायचं.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. “म्हणजे कामं करतायत, पण होईपर्यंत लपवतायत?”

“बोर्ड भरल्यानं तुम्हाला काय मिळतं?”

“कुठे काय चाललंय ते कळतं.”

“आणि त्यांना?”

“त्यांना...” त्या थांबल्या. “त्यांना सोमवार मिळतो.”

जोनाथन ग्रुडिन या संशोधकानं 1988 साली नेमकं हेच मांडलं होतं. एकत्र कामासाठी केलेल्या प्रणाली का फसतात, याचं त्यानं दिलेलं एक मोठं कारण म्हणजे राबायचं एकानं आणि फायदा दुसऱ्याला. त्याचं उदाहरण सामायिक कॅलेंडरचं होतं. मीटिंग बोलावणाऱ्याची सोय होते, पण त्यासाठी बाकी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर रोज नीट ठेवायचं. ते कोण ठेवणार? बाईंच्या बोर्डवर तर भरण्याच्या कष्टासोबत चारचौघांत लाज निघायची भीतीही होती. अशा ठिकाणी शहाणा माणूस जे करेल तेच ती नऊ माणसं करत होती.

बोर्डच्या तळाशी पाच कार्डं होती, नावाच्या जागी ‘सर्वजण’. पाचही जशीच्या तशी पडलेली. मी त्यांना रिंगेलमानच्या दोरीची गोष्ट सांगितली. या फ्रेंच शेती-अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. त्याचे आकडे 1913 मध्ये छापून आले. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा वाटा एकट्यानं ओढताना लागतो त्याच्या निम्म्यावर यायचा. काही जोर ताळमेळात वाया जातो, हे खरंच. पण 1974 मधल्या एका प्रयोगात डोळे बांधलेल्या माणसाला मागे बाकीचे ओढतायत असं नुसतं भासवलं, प्रत्यक्षात तो एकटाच होता, तरी त्याचा जोर कमी पडला. मी याला आळस म्हणत नाही. दोर ओढताना आपला स्वतःचा जोर वेगळा दिसत नाही, एवढंच. ‘सर्वजण’ लिहिलेल्या कार्डाचंही तेच. (खरोखर अंग चोरणारा एखादा असतोच. त्याच्याशी वेगळं बोलावं, त्याच्यासाठी आठ जणांवर पहारा बसवू नये.)

मीटिंगमधल्या शांततेचं कोडं त्यांनीच उलगडलं. “मी आधी माझं मत सांगते, म्हणजे त्यांना दिशा मिळते.” हे बोलताबोलताच त्या हसल्या. प्रमुखाचं मत एकदा टेबलावर पडलं की वेगळी माहिती असलेला माणूस ती खिशातच ठेवतो. तसंही गटात सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींवरच चर्चा रंगते आणि एकट्याला ठाऊक असलेली गोष्ट मागे पडते, हे 1985 पासून प्रयोगांत दिसत आलंय.

इथे माझीही एक चूक झाली. निनावी चिठ्ठ्या घ्या, असं मी सुचवलं. नऊच माणसं, लिहिण्याची ढब सगळ्यांना पाठ! कुणी काय लिहिलं याचीच कुजबुज दोन दिवस चालली. तो नाद आम्ही सोडला.

मग त्यांनी तीन बदल केले. लाल रंग काढला. ‘सर्वजण’च्या प्रत्येक कार्डावर एकेक नाव घातलं. आणि ‘अडलंय’ असा नवा रकाना उघडून त्यात पहिलं कार्ड स्वतःचं टाकलं. मीटिंगमध्ये आता पाच मिनिटं प्रत्येकानं लिहायचं, मग वाचायचं, बाईंनी सगळ्यात शेवटी.

दोन आठवडे त्या रकान्यात त्यांचं एकट्याचंच कार्ड. रोज फोन यायचा, “कुणी टाकत नाहीये हो!” तिसऱ्या आठवड्यात एक कार्ड आलं. ‘परवानगी हवी आहे, कुणाकडे मागायची माहीत नाही.’ बाईंनी एक फोन केला, दहा मिनिटांत काम झालं. तो मुलगा ही अडचण एकोणीस दिवस मनात घेऊन बसला होता.

गेल्या वेळी आल्या तेव्हा ‘अडलंय’मध्ये अकरा कार्डं होती. झोप सुधारली होती, पण चेहऱ्यावर नवी काळजी.

“बोर्ड आता आधीपेक्षा वाईट दिसतो. आमचे साहेबही तो बघतात. त्यांना काय सांगू?”

“तुमचं सोमवारी काय होतं, तुमच्या साहेबांसमोर?” मी विचारलं.

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. आम्ही पुढच्या आठवड्याची वेळ ठरवली.