तुमचे प्रश्न : आठ वर्षांनी आलेला वाढदिवस

प्रश्न : मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. म्हणजे वाढदिवस चार वर्षांनी, बरोबर? पण आमचे एक काका पैज लावून सांगतात की त्यांचा पहिला वाढदिवस आठ वर्षांनी आला. आणि मुळात हा जास्तीचा दिवस लागतोच कशाला?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पैजेचे पैसे देऊन टाका, काका बरोबर आहेत. १९०० साल लीप नव्हतंच, त्यामुळे १८९६ नंतरची २९ फेब्रुवारी डायरेक्ट १९०४ ला उगवली. शाळेत "चारने भाग गेला की लीप" एवढंच डोक्यात बसतं आणि पुढचं कोणी सांगत नाही. एक्सेलसुद्धा २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आजही बिनबोभाट घेतं, करून बघा!

तर ऋतूंचं एक चक्र पूर्ण व्हायला ३६५ दिवस, ५ तास आणि जवळपास ४९ मिनिटं लागतात. हे वरचे पाच-सहा तास बघायचे असतील तर जुनी पंचांगं काढा आणि संक्रांतीची वेळ बघत जा, २०२३ ला सूर्य मकरेत गेला १४ जानेवारीच्या रात्री, २०२४ ला त्याच्याही सहा तास पुढे म्हणजे १५ च्या पहाटे, मग मधे २९ फेब्रुवारी येऊन गेली आणि २०२५ ला गाडी परत १४ ला सकाळी नऊच्या सुमारास. तो एक दिवस घातला नसता तर शंभर वर्षांत कॅलेंडर २४ दिवस घसरलं असतं आणि मृगाचा पाऊस ७ जूनऐवजी जुलैत शोधत बसलो असतो. (संक्रांतीचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटं मोठं असतं, म्हणून ती शतकानुशतकं हळूहळू पुढे जातेच, पण तो वेगळा विषय.)

मग १९०० ने काय पाप केलं? ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात दर चौथं वर्ष लीप होतं, म्हणजे वर्ष पूर्ण सहा तास जास्तीचं धरलं, खऱ्यापेक्षा ११ मिनिटं जादा. ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १२८ वर्षांत त्याचा अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवस साचले, ईस्टरची तारीख बिघडायला लागली, तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबर गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर शुक्रवार आणला. आणि नियम केला की शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप. म्हणून २००० लीप, १९०० नाही, २१०० पण नाही.

इंग्रजांनी मात्र हे १७५२ पर्यंत मानलं नाही. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्याच जुन्या हिशोबातली, आजच्या कॅलेंडरने ती १६ जून येते. तिथीवाल्यांना हा त्रासच नाही, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ती त्रयोदशीच.

प्रश्न : मग आपला धोंड्याचा महिना म्हणजे पण लीपच का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काम तेच, पण इथे दिवसाऐवजी महिनाच घालतात. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, दरवर्षी ११ दिवस कमी पडतात, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना. कुठला? ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो. २०२३ ला श्रावण अधिक होता, २०२६ ला ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. हिजरी कॅलेंडरात असा महिना घालत नाहीत, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो कधी थंडीत. अनारशांचं पीठ मात्र आधीपासून करून ठेवा, जावई तारीख विसरत नाहीत.