टोकन दिल्यावर वाढलेले चार्जेस: आधी एचपीची ओळ निकालात काढा

मालाडच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या गाडीच्या वेळचं सगळं जसंच्या तसं आठवलं. जुन्या कारचा सौदा 4,25,000 ला ठरला, तुम्ही 10,000 टोकन दिलं, आणि मग डीलरने शीट पुढे केली: डॉक्युमेंटेशन 7,500, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) ट्रान्सफर 14,000, एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा) काढायचे 6,000, वर 18 टक्के जीएसटी, आणि इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यायचा. देऊ की नको, असं तुम्ही विचारलंय.

मेकॅनिकला दाखवणं, सर्व्हिस हिस्टरी काढणं हे तुम्ही केलं असेलच, त्यात शिरत नाही. आणि मी वकील नाही, आरटीओशी माझा काही संबंध नाही. फी अधूनमधून बदलते, त्यामुळे भरायच्या दिवशी परिवहनच्या साइटवर आकडा बघून घ्या.

त्या शीटवरची सगळ्यात महागात पडणारी ओळ माझ्या मते 6,000 ची आहे, 14,000 ची नाही. एचपी काढायचे पैसे लावलेत म्हणजे आरसीवर अजून जुन्या मालकाच्या फायनान्स कंपनीचा बोजा आहे. तो उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही, आणि तो उतरवणं तुमच्याही हातात नाही, डीलरच्याही नाही.

आमचं तिथेच घोडं अडलं. डीलर म्हणाला, 'लोन कधीच क्लोज झालंय, आठवड्यात एनओसी येईल.' एनओसी म्हणजे लोन फिटलं, आमची हरकत नाही असं फायनान्स कंपनीचं पत्र. लोन खरंच फिटलेलं होतं. पण एनओसी देणाऱ्या कंपनीच्या त्या ऑफिसात जे चाललं होतं ते आठवलं की आजही डोकं तापतं. काचेमागचा माणूस पहिला प्रश्न विचारणार, 'कर्जदार तुम्ही का?' नाही म्हटलं की पुढचा टोकन नंबर. एकदाची एनओसी निघाली, तर तिच्यावर चासी नंबरात बी च्या जागी 8 छापलेला. आरटीओच्या खिडकीवर बाईंनी आरसी आणि एनओसी शेजारी शेजारी ठेवली, एकेका अक्षरावर पेन टेकवत गेल्या आणि त्या 8 वर थांबल्या. कागद परत. त्यांचं काहीच चुकलं नाही. पण दुरुस्ती मागायला गेलो तर तोच प्रश्न, कर्जदार तुम्ही का? दुरुस्त कागद 'हेड ऑफिसमधून' यायचा, कधी ते कुणी सांगायचं नाही, आणि तोवर पहिल्या एनओसीची मुदत संपली. पैसे आमचे गेलेले, गाडी आमच्या दारात, आणि आरसीवर मालक दुसराच. डीलरने तर एचपीचे पैसे नव्याने मागितले, 'फाइल परत लावावी लागेल' म्हणून.

काम झालं ते जुन्या मालकामुळे. भला माणूस. त्याने स्वतःच्या ईमेलवरून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, सोबत लोन फिटल्याचं स्टेटमेंट आणि आरसीचा फोटो जोडला. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2023 चा आदेश आहे. 1 डिसेंबर 2023 पासून, वैयक्तिक कर्ज (घरच्या गाडीचं कर्जही त्यातच येतं) पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा. कंपनीमुळे उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पत्रात त्याचा उल्लेख केल्यावर जे ऑफिस दाद देत नव्हतं त्यांचाच फोन आला. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण तक्रार कर्जदाराची हवी, तुमची चालणार नाही. म्हणून आजच डीलरकडे जुन्या मालकाचा नंबर मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर मी तरी त्या गाडीला हात लावणार नाही.

आणि एक करा. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून फायनान्सरची नोंद आहे का ते बघा. असेल तर मूळ एनओसी आणि कंपनीच्या सहीशिक्क्याचा फॉर्म 35 (बोजा काढायचा अर्ज) हातात घेऊन चासी नंबर स्वतः ताडून पाहा, मगच पुढचा पैसा. त्याची झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो मी धरणार नाही.

आता 14,000. खासगी कारची नावांतराची केंद्रीय फी 300 रुपये, स्मार्ट कार्डाचे 200. तुम्ही कर्ज काढत असाल तर नवा बोजा चढवायचे 1,500. बाकी जे उरतं ती एजंटची आणि डीलरची मजुरी. मजुरी घेण्यात गैर नाही. अंधेरी काय, वडाळा काय, रजा टाकून खेपा घालायची कुणाला हौस आहे? पण ती मजुरी म्हणून मागावी, 'आरटीओ चार्ज' म्हणून नव्हे. ऑनलाइन फी भरली की पावती निघते, ती पावती मागा आणि मजुरीचं बिल वेगळं घ्या. आणि डॉक्युमेंटेशन म्हणजे नेमकं कोणतं काम, तेही विचारा. फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे नावांतराच्या अर्जांवर, सह्या घेणं असेल तर ते ट्रान्सफरच्या पैशात आलंच. एकाच कामाचे दोनदा पैसे का द्यायचे?

जीएसटीबद्दल तर मला फार राग आहे, कारण तिथे माणूस कायद्याच्या नावाने गप्प बसतो. जुन्या गाड्यांवर डीलरला 18 टक्के लागतो हे खरं, पण तो त्याच्या मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. समजा त्याने गाडी 3,60,000 ला उचलली. मार्जिन 65,000, कर 11,700. पूर्ण किमतीवर लावला तर 76,500! सौदा ठरला तेव्हा कर वेगळा आहे असं म्हणाला नसेल, तर तो 4,25,000 मध्ये धरलेला आहे असंच ठणकावून सांगा. त्याच्या मजुरीवर जीएसटी लागू शकतो, पण जीएसटी नंबर छापलेल्या बिलावरच.

इन्शुरन्स त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. चालू पॉलिसी असेल तर 14 दिवसांत कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (एचएसआरपी) बसली आहे का पाहा, नाहीतर आरटीओत तिथेच अडवतील. तिचा महाराष्ट्रातला कारचा दर 745 अधिक जीएसटी आहे. कुणी दोन-तीन हजार सांगितले तर देऊ नका.

डीलरकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का हेही विचारा. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी ती सोय आहे. मालकाने फॉर्म 29सी ने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं कळवलं असेल, तर नावावर करून द्यायची जबाबदारी झटकणं त्याला जड जातं.

डीलरला फोन करू नका, मेसेज करा, म्हणजे लेखी राहतं. एकच आकडा मागा: आरसी माझ्या नावावर होऊन हातात पडेपर्यंत सगळं मिळून किती. त्यातले निदान 25,000 आरसी आल्यावरच द्यायचे, हे बिलावर लिहून घ्या. आम्ही रक्कम रोखून ठेवली होती म्हणूनच तो डीलर शेवटपर्यंत फोन उचलत राहिला, असं माझं ठाम मत आहे. तयार नसेल तर टोकन परत मागा. नाही दिलं तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही.

आणि गाडी घ्याल त्या दिवशी डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या. सी लिंकवरच्या कॅमेऱ्याचं चलान दुपारी दोनचं निघालं आणि तुम्ही गाडी संध्याकाळी पाचला घेतली, तर ते कुणी भरायचं यावर वाद उरत नाही. जुन्या मालकाचा फास्टॅगही त्याच वेळी बंद करायला सांगा.