‘माउंट करणे’ म्हणजे ‘जोडणे’ का नव्हे?

लिनक्सवरच्या बॅकअपची माहितीपुस्तिका मराठीत लिहिणाऱ्या एका मित्राचा प्रश्न आहे: ‘माउंट करणे’ला, म्हणजे डिस्कवरच्या फाइली एखाद्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) दिसतील असं करण्याला, काय लिहू? ‘आरोहित करणे’, ‘जोडणे’ की ‘माउंट’च?

‘आरोहित’ नको. आरोहण म्हटलं की डोळ्यांसमोर गिर्यारोहक येतो. इथे अर्थ यंत्रावर वस्तू बसवण्याचा आहे. पूर्वी डिस्कचे जड संच आणि टेपची रिळं माणसं हातानं यंत्रावर बसवत. लिनक्स ज्या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर बनलं, त्या युनिक्सच्या 1971 सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ‘माउंट’ आहे.

‘जोडणे’ सोपा शब्द, पण बॅकअपच्या बाबतीत तो घात करतो. हे मी अनुभवानं सांगते. बाहेरची डिस्क वायरीनं जोडली होती, दिवा लागला होता, पण ती माउंट झालेली नव्हती. ज्या डिरेक्टरीवर ती माउंट व्हायची, ती रिकामी डिरेक्टरी मुळातल्या डिस्कवर होतीच. आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रामनं सगळा बॅकअप मुकाट्यानं तिथेच ओतला. पुढच्या वेळी डिस्क नीट माउंट झाली आणि तो ढीग तिच्याखाली झाकला गेला. मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ आज्ञा म्हणे जागा संपली, फाइलींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ला मात्र एवढ्या फाइली कुठेच सापडेनात. डिस्क अनमाउंट केल्यावर उलगडा झाला.

चित्र म्हणून मला आपला ‘कलम’ शब्द सर्वांत जवळचा वाटतो. आंब्याच्या कोय कलमात खुंटरोपाचा शेंडा छाटून तिथे दुसऱ्या झाडाची काडी बसवतात. वरून झाड एकच दिसतं, पण सांध्याच्या वरचा आंबा काडीच्या जातीचा. युनिक्सचंही तसंच. मुळापासून टोकापर्यंत एकच वृक्ष दिसतो, पण प्रत्येक सांध्याच्या पुढे वेगळी फाइलसिस्टिम, म्हणजे फाइलींची स्वतंत्र मांडणी, असते. (फरक एवढाच, की इथे खुंटाचा शेंडा तुटत नाही, नुसता झाकला जातो.) एकाच फाइलची दोन नावं, म्हणजे हार्ड लिंक, हा सांधा ओलांडू शकत नाहीत. टार (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम) किंवा आरसिंकला ‘एकाच फाइलसिस्टिममध्ये राहा’ असं सांगितलं, तर ते सांध्यापाशी थांबतात. त्यामुळे ‘प्रॉक’सारखी डिस्कवर नसलेली, कर्नलनं (प्रणालीच्या गाभ्यानं) जागच्या जागी दाखवलेली डिरेक्टरी टळते. पण ‘होम’ (वापरकर्त्याच्या फाइलींची डिरेक्टरी) वेगळ्या विभाजनावर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, असेल तर तेही सुटतं, आणि माणसाची सगळी कमाई तिथेच असते! त्याचा बॅकअप वेगळा सांगावा लागतो.

तरी पुस्तिकेत ‘कलम करा’ असं लिहू नये. ‘कलम’ म्हटल्यावर वाचकाला कायद्याचं कलम आठवेल. ते एकदा समजावण्यापुरतं वापरावं, आज्ञेत ‘माउंट’च ठेवावं आणि ‘जोडणे’ फक्त वायरीसाठी राखावं. मी असं लिहीन: ‘डिस्क जोडा. ती ठरलेल्या डिरेक्टरीवर माउंट करा. माउंट झाली आहे का, ते पाहा. मगच बॅकअप सुरू करा.’