ऑटोमॅटिक एसयूव्ही गिअर उशिरा टाकते, काय करू?

प्रश्न : नमस्कार सर, माझी सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, ९५ हजार किमी झालेत, आम्ही साताऱ्याचे, पुण्याला सतत येणंजाणं असतं. पहिली काही वर्षं गाडी मस्त चालली पण आता पुण्याहून परत येताना खंबाटकी चढायला लागलो की फुल लोड, एसी चालू, मी अॅक्सिलरेटर दाबतो आणि गाडी विचार करत बसते, मग एकदम झटका मारून गिअर खाली टाकते. मागे आईबाबा बसलेले असतात, त्यांना त्रास होतो. ओव्हरटेक करायची तर आता भीतीच वाटते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं. बाहेरचा गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आणि मित्र म्हणतो पेडल बूस्टर लाव, सगळं ठीक होईल. कुणाचं ऐकू?
- एक वाचक, सातारा

उत्तर : तूर्तास तिघांचंही नका ऐकू. आधी हे शोधायचं की उशीर नेमका होतोय कुठे, गिअरबॉक्समध्ये की इंजिनात, कारण सीटवर बसून दोन्ही अगदी सारखंच जाणवतं आणि लोक नको त्या ठिकाणी पैसे घालतात.

हे तुम्हाला स्वतःला तपासता येईल. मोकळा रस्ता बघा, गाडी चांगली गरम होऊ द्या, लिव्हर मॅन्युअल मोडला घ्या आणि हाताने एक गिअर खाली टाका. आरपीएमचा काटा लगेच वर गेला पण गाडी उचलतच नाहीये आणि स्पीडोमीटर व आरपीएम दोन्ही एकत्र हळूहळू चढतायत, तर गिअरबॉक्सने त्याचं काम केलंय, इंजिनाला दम नाहीये. गिअर खाली टाकल्यावर काटा हलायलाच वेळ लागला आणि मग धक्का बसला तर दुखणं गिअरबॉक्सकडे. आणि तिसरा प्रकार म्हणजे काटा भसकन वर जातो, इंजिन ओरडतं पण स्पीड तिथंच, याला स्लिप म्हणतात, तसं होत असेल तर गाडी घाटात नेऊच नका, आधी दाखवा. अजून एक, सपाट जागी गाडी गरम असताना ब्रेक दाबून धरा आणि एन मधून डी ला घ्या, साधारण सेकंदाभरात गिअर बसल्याचं जाणवायला हवं, दोन-तीन सेकंद लागत असतील तर ऑइल कमी आहे किंवा त्याचं प्रेशर कमी पडतंय.

इंजिनाचं निघालं तर सोपं आहे. एअर फिल्टर, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) यांच्यामधले होज (फाटलेला होज बऱ्याचदा बाहेरून तेलकट दिसतो आणि चढावर शीऽऽ असा आवाज येतो), ईजीआरमधला (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कार्बन, डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) चोंदलाय का. स्कॅनर लावून मागितलेलं बूस्ट (टर्बोने दिलेलं हवेचं प्रेशर) आणि मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी बघा म्हणावं, पाच मिनिटांत कळतं.

पण तुम्ही जे लिहिलंय, आधी थांबते मग झटका मारते, त्यावरून मला ऑइलचाच संशय जास्त येतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलच्या जोरावर जोडणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल, हे नुसतं वंगण नाही, इंजिनाची ताकद त्याच ऑइलमधून पुढे जाते, क्लच पॅक (गिअर धरणाऱ्या चकत्या) त्याच्याच प्रेशरने दाबले जातात, गिअरबॉक्स थंडही तेच ठेवतं. ते वर्षानुवर्षं तापून जुनं झालं की त्यातले फ्रिक्शनचे गुण जातात, व्हॉल्व्ह बॉडीतल्या (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा भाग) बारीक सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांना, कचरा नडतो, क्लच भरायला वेळ लागतो. कंट्रोल युनिट हे सगळं सांभाळून घेत प्रेशर अॅडजस्ट करत राहतं, म्हणून आपल्याला फरक हळूहळू कळतो आणि एक दिवस वाटतं अरे गाडी अशी नव्हती.

आता लाइफटाइमचं. जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते, आणि ती आपल्या ऑटोमॅटिकचं ऑइल वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला किंवा ८ वर्षांनी बदला असं सांगते. बनवणारेच सांगतायत तर आपण का वाट बघायची? बऱ्याच ओनर मॅन्युअलमध्ये जड वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं आणि घाट, ट्रॅफिक, उन्हाळा, फुल लोड हे सगळं त्या जड वापरातच येतं. सात माणसं घेऊन खंबाटकी चढणारी गाडी त्यातलीच. सर्व्हिस अॅडव्हायझरशी वाद घालू नका, मॅन्युअलचं पान उघडून समोर ठेवा.

बदलताना मात्र नीट बदलून घ्या, इथेच जास्त घोळ होतात. खालचा बोल्ट काढला की निम्म्याहून कमी ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये अडकून राहतं, त्यामुळे एकदा ड्रेन करून भरायचं, काही दिवस चालवायचं, परत ड्रेन करून भरायचं, असं दोन-तीनदा केलं की बहुतेक ऑइल नवं होतं. मशीनने प्रेशर देऊन फ्लश करतात ते जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या बॉक्सवर मी तरी करू देणार नाही, बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत जायची भीती असते. तेलाचा पॅन उतरवता येत असेल तर उतरवा, फिल्टर आणि गॅस्केट नवं टाका (काही बॉक्समध्ये फिल्टर पॅनमध्येच असतो, मग अख्खा पॅन बदलावा लागतो) आणि पॅनमधलं मॅग्नेट तुम्ही स्वतः उभं राहून बघा. करडी बारीक पेस्ट चिकटलेली असणं नॉर्मल आहे. चमकणारे धातूचे कण किंवा तुकडे दिसले, ऑइल काळं आणि जळका वास, तर क्लच झिजलेत, मग नुसत्या ऑइलने भागणार नाही आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं धरावं लागेल. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधून कूलंट आत शिरलंय, गाडी तिथंच थांबवा, एक किमीसुद्धा चालवू नका.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेला असेल तोच. सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून युनिव्हर्सल डबा कुणी पुढे केला तर नको म्हणा, थोडे पैसे वाचवायच्या नादात अख्खा गिअरबॉक्स जायचा. लेव्हलही डिपस्टिकवर बघायची नसते बऱ्याच नव्या गाड्यांत, गाडी लिफ्टवर एकदम लेव्हलला, इंजिन चालू, ऑइलचं तापमान स्कॅनरवर ठरलेल्या आकड्यावर (बऱ्याच बॉक्समध्ये ४० डिग्रीच्या आसपास, पण गाडीगणिक वेगळा) आणि मग ओव्हरफ्लो प्लग उघडून बघतात. ज्या गॅरेजला हे माहीत नाही तिथे हे काम देऊ नका.

शेवटी स्कॅनरने अॅडाप्टेशन, म्हणजे कंट्रोल युनिटने शिकून ठेवलेल्या सवयी, रीसेट करून घ्या, जुन्या ऑइलसाठी शिकलेलं प्रेशर पुसलं जातं. त्यानंतर काही दिवस गिअर थोडे वेडेवाकडे पडतील, घाबरू नका, एकदा हलकं एकदा मध्यम अॅक्सिलरेटर देऊन शांत चालवा, शिकते गाडी. ऑइलच्या आधी रीसेट करायला मात्र काही अर्थ नाही.

पेडल बूस्टर गिअरबॉक्सला हातही लावत नाही. तो फक्त पेडलचा सिग्नल मोठा करून पुढे पाठवतो, म्हणजे तुम्ही थोडं दाबलं तरी गाडीला जास्त दाबल्यासारखं वाटतं. पूर्ण दाबलेलं पेडल त्याच्यामुळे जास्त दाबलं जात नाही, ओव्हरटेकला ताकद तेवढीच. ते पैसे ऑइलला ठेवा.

आणि घाटात डी मध्ये सोडून देऊ नका. मॅन्युअल मोडला तिसरा किंवा दुसरा धरून चढा, सारखं वरखाली गिअर मारणं थांबतं, ऑइल कमी तापतं, मागे बसलेल्या आईबाबांनाही धक्के बसणार नाहीत. ओव्हरटेक करायच्या आधीच गिअर खाली घेऊन ठेवा, शेजारी ट्रक आल्यावर नको. उतारालाही तेच, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.

प्रश्न : आमची पेट्रोल एसयूव्ही ड्युअल क्लच आहे, ७ स्पीड ड्राय. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा गिअर कचकचत पडतो. वरचं ऑइलचं औषध आम्हालाही चालेल का?
- एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही ताई, तुमचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो, त्यामुळे दुखणं वेगळं. ब्रेक अर्धा सोडून इंच इंच सरकलं की क्लच घासत राहतो आणि तापतो. पुढच्या गाडीला थोडं अंतर पडू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून नीट पुढे जा आणि पूर्ण थांबा. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेक किंवा ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) वापरा. गरम झाल्याची वॉर्निंग आली तर बाजूला घेऊन पी ला टाका, वॉर्निंग जाईपर्यंत थांबा. सॉफ्टवेअर अपडेट आलंय का आणि क्लच अॅडाप्टेशन करता येईल का हे अधिकृत सेंटरला लेखी विचारा, आणि वॉरंटी संपायच्या आत जॉब कार्डवर ही तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं नंतर कुणी धरत नाही.